१६ कोअरचा रायझन का ९६ कोअरचा एपिक? खरंच सहापट फरक पडतो का?

खटपट्या

नमस्कार मंडळी, जरा गोंधळ झालाय म्हणून विचारतोय. यावर जुना धागा असेल तर सांगा, मला शोधून सापडला नाही.

आमचा चार जणांचा छोटा ग्रुप आहे आणि काम साधारण दोन प्रकारचं. एक म्हणजे सी प्लस प्लसचा बऱ्यापैकी मोठा प्रोजेक्ट, तो दिवसभर बिल्ड होत असतो, आणि दुसरं ओपनफोमवर हवेच्या प्रवाहाची सिम्युलेशन्स, ती एकदा लावली की रात्रभर चालतात. मधूनमधून टेस्टिंगसाठी दोन-तीन व्हर्च्युअल मशीन. सगळं लिनक्सवर. सध्या माझ्याकडे रायझन ९ ७९५०एक्स आहे, १६ कोअर ३२ थ्रेड, ६४ जीबी रॅम. मशीनबद्दल तक्रार काही नाही, पण आता ग्रुपसाठी एक मोठं मशीन घ्यायचं चाललंय आणि आमच्यातल्या एकाने थेट एएमडीचा सर्व्हरवाला एपिक ९६५४ सुचवलाय. ९६ कोअर, १९२ थ्रेड, ३८४ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी). माझ्याकडे ६४ एमबी. म्हणजे कोअर सहापट, कॅश सहापट, मग काम पण सहापट लवकर व्हायला पाहिजे ना?

पण क्लॉक बघितला तर बेस २.४ आणि बूस्ट ३.७ गिगाहर्ट्झ, आणि माझा डेस्कटॉपवाला ५.७ पर्यंत जातो. दोन्ही झेन ४, म्हणजे एकाच पिढीच्या डिझाइनचे आहेत म्हणे. एवढा सर्व्हरचा भारी प्रोसेसर आणि क्लॉक असा जुन्या जमान्यातला, हे काय गौडबंगाल आहे? कुठल्याही बेंचमार्क साइटवर गेलं की एकच एक आकडा दाखवतात आणि त्यावरून हा अमुक टक्के भारी असं लिहून मोकळे होतात, त्यातून मला काहीच कळत नाही. ज्यांनी दोन्ही वापरलेत त्यांनी सांगा. पैशांचं सोडा, तो हिशोब आमचा आम्ही बघू.

मितभाषी

सहापट नाही. बिल्ड चालू असताना एचटॉप (कोणता कोअर किती कामात आहे ते दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून ठेवा आणि शेवटच्या टप्प्यात किती कोअर जागे असतात ते बघा. मग पुढचं बोलू.

चिपको

गौडबंगाल वगैरे काही नाही हो, उलट ही जोडी तुलनेला एकदम झकास आहे कारण दोन्हीच्या आत जवळजवळ तोच माल आहे. एएमडी प्रोसेसर एका मोठ्या सिलिकॉनच्या तुकड्यात बनवत नाही, छोटे छोटे चिपलेट बनवते. झेन ४ च्या एका चिपलेटमध्ये ८ कोअर आणि ३२ एमबी एल३ कॅश. तुमच्या ७९५०एक्समध्ये असे दोन आहेत आणि शेजारी एक आयओ डाय, ज्यात मेमरी कंट्रोलर, पीसीआय एक्सप्रेस वगैरे बसतं. एपिक ९६५४ मध्ये तसेच बारा आहेत आणि मधे एक दांडगा आयओ डाय. बारा गुणिले आठ ९६, बारा गुणिले बत्तीस ३८४. झालं तुमचं गणित.

आता यातली गंमत बघा. ती ३८४ एमबी कॅश एकसंध नाहीये, ते ३२-३२ एमबीचे बारा वेगवेगळे तुकडे आहेत. तुमचा एखादा प्रोग्रॅम एकाच थ्रेडवर चालत असेल तर त्याला हाताशी ३२ एमबीच मिळणार, अगदी तुमच्या डेस्कटॉपवर मिळते तेवढीच. वरून मेमरीपर्यंत जायला सर्व्हरवाल्यात वेळ जास्त लागतो कारण आयओ डाय मोठा, रॅमचे चॅनेल म्हणजे रस्ते जास्त, रजिस्टर्ड रॅम (सर्व्हरसाठीची, मधे जास्तीची चिप असलेली), सगळ्याचं थोडं थोडं ओझं पडतं. म्हणजे एका थ्रेडचं काम असेल तर तुमचा आत्ताचा डेस्कटॉप त्या एपिकला आरामात मागे टाकतो, आणि यात एपिकची काही चूक नाही, तो त्यासाठी बनवलेलाच नाही.

क्लॉकचं म्हणाल तर तो विजेचा मामला आहे. तुमच्याकडे टीडीपी (कंपनीने कूलिंगसाठी दिलेला उष्णतेचा आकडा) १७० वॅट, १६ कोअर, म्हणजे एका कोअरच्या वाट्याला साडेदहा वॅट (आणि पूर्ण लोडवर सॉकेट २३० पर्यंत ओढतो ते वेगळंच). तिकडे ३६० वॅट आणि ९६ कोअर, म्हणजे पावणेचार वॅट, आणि त्यातूनच त्या मोठ्या आयओ डायचं पण भागवायचं. क्लॉक वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, त्यामुळे वरचा शेवटचा एखादा गिगाहर्ट्झ मिळवायला जी वीज जाते ती अगदी अंगावर येते. डेस्कटॉपवाले ती मोजायला तयार असतात कारण तिथे सगळं लक्ष एका माणसाला मशीन किती चपळ वाटतं याच्याकडे. सर्व्हरवाले कोअर खालच्या क्लॉकवर ठेवतात, तिथे एका वॅटमागे सगळ्यात जास्त काम निघतं, आणि मग असे कोअर ढिगाने बसवतात.

म्हणून सहापट विसरा. सगळे कोअर कामाला लागल्यावर तुमचा समजा ५ वर चालला आणि एपिक ३.५ वर (कूलिंग बरं असेल तर एवढं धरायला हरकत नाही), तर ९६ गुणिले ३.५ भागिले १६ गुणिले ५, म्हणजे ४.२ पट. ही वरची मर्यादा झाली, तीही काम पूर्ण पॅरलल असेल आणि मेमरी आड येत नसेल तर. प्रत्यक्षात तेवढं कोण देतंय.

निशाचर

चिपको यांनी बरोबर लिहिलंय पण ते सगळं कोअर आणि क्लॉकचं झालं, सर्व्हरचा खरा जीव मेमरीत असतो आणि खटपट्यांचं अर्धं काम ओपनफोम आहे त्यामुळे तिकडे बघायलाच पाहिजे.

ओपनफोमसारख्या सॉल्व्हरमध्ये गणित कमी आणि ने-आण जास्त. मोठमोठ्या विरळ मॅट्रिक्स, प्रत्येक फेरीत मेमरीतून आकडे आणायचे, दोन-चार गुणाकार बेरजा करायच्या, परत ठेवायचे. कोअर बिचारा बहुतेक वेळ वाट बघत बसलेला असतो. तुमच्या डेस्कटॉपला मेमरी चॅनेल दोन. डीडीआर५ ५२०० लावली असेल तर दोन गुणिले ८ बाइट गुणिले ५२००, म्हणजे कागदावर सेकंदाला ८३.२ जीबी. एपिक ९६५४ ला चॅनेल बारा, ४८०० च्या स्पीडने, म्हणजे ४६०.८ जीबी. साडेपाच पट. आता तुमच्या मशीनवर एक प्रयोग करा, तीच केस ४ कोअरवर, ८ वर, मग १६ वर चालवून बघा, एसएमटीचे (एका कोअरवर दोन थ्रेड चालवण्याची सोय) जास्तीचे थ्रेड वापरू नका त्याने काही हाती लागत नाही. माझा अंदाज ८ च्या पुढे गेल्यावर वेळ फारसा कमी होणार नाही, कारण दोन चॅनेल तोवर भरून वाहायला लागलेले असतात आणि पुढचे कोअर नुसतेच गरम होतात.

पण थांबा, म्हणून लगेच ९६५४ कडे धावू नका. ४६०.८ ला ९६ ने भागा, एका कोअरला ४.८ जीबी. तुमच्याकडे ८३.२ ला १६ ने भागलं तर ५.२. म्हणजे एका कोअरच्या वाट्याला तिथे तुमच्याहून कमीच येतं! सिम्युलेशनवाले लोक त्यामुळे ९६ कोअरच्या मागे लागत नाहीत, ते एफ सिरीजवाले घेतात. एपिक ९३७४एफ बघा, ३२ कोअर, बेस ३.८५ बूस्ट ४.३, कॅश २५६ एमबी. यात आठ चिपलेट आहेत आणि प्रत्येकातले निम्मे कोअर बंद करून चारच ठेवलेत, कॅश मात्र पूर्ण ३२. एका कोअरला १४.४ जीबी बँडविड्थ आणि ८ एमबी कॅश. एकूण बँडविड्थ मोठ्या ९६५४ एवढीच, कारण चॅनेल तेच बारा. ओपनफोमच्या बहुतेक केसेसमध्ये हा छोटा भाऊ मोठ्याच्या बऱ्यापैकी जवळ येतो आणि बिल्डला क्लॉक पण बरा मिळतो.

एक गोष्ट आवर्जून सांगतो कारण ही मी पुन्हा पुन्हा बघितलीय. लोक एपिकचं मशीन घेतात आणि त्यात रॅमच्या दोनच मोठ्या स्टिक लावतात, पुढे वाढवू म्हणून. दोन चॅनेल गुणिले ३८.४ म्हणजे ७६.८ जीबी. तुमच्या डेस्कटॉपपेक्षा कमी! मग म्हणतात सर्व्हर स्लो आहे. बारा चॅनेल असतील तर बारा स्टिक लावा, लहान लावा पण बारा लावा. आणि बायोसमध्ये एनपीएस नावाची सेटिंग असते, ती एनपीएस४ केली की एका प्रोसेसरचे चार न्यूमा नोड (कोअर आणि त्यांच्या जवळची मेमरी यांचे गट) दिसतात, प्रत्येकाला स्वतःचे तीन चॅनेल. एमपीआयचे (सिम्युलेशन तुकड्यांत वाटून चालवणारे) प्रोसेस नीट पिन केले, म्हणजे ठराविक कोअरला बांधले तर सॉल्व्हरला त्याचा फायदा होतो. बिल्डसाठी मात्र एनपीएस१ च ठेवा, उगाच डोक्याला ताप नको.

दूरदृष्टी

एवढा कीस कशाला पाडताय, ९६ घेऊन ठेवा, पुढेमागे लागतातच. कोअर कधी वाया जात नाहीत.

मितभाषी

जातात. रोज बघतो.

खटपट्या

वा, एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. मितभाषींनी सांगितल्याप्रमाणे एचटॉप लावून बघितलं आणि घोडं कुठे पेंड खातंय ते लगेच दिसलं. पूर्ण बिल्डला साधारण १० मिनिटं लागतात. पहिली ८ मिनिटं ३२ च्या ३२ पट्ट्या वरपर्यंत भरलेल्या, बघून बरं वाटतं, आणि मग शेवटची २ मिनिटं लिंकिंग (कंपाइल झालेले तुकडे जोडून एक प्रोग्रॅम बनवणं), तिथे एकच पट्टी भरलेली आणि बाकीच्या सगळ्या झोपलेल्या. डीबग सिम्बॉल असल्यामुळे लिंकिंगला एवढा वेळ जातो बहुतेक. एक फाइल बदलून बिल्ड मारला तर कंपाइल दोन-पाच सेकंदात होतं आणि मग परत तीच २ मिनिटं.

ओपनफोमचं पण करून बघितलं, निशाचर म्हणाले तसंच, ४ वरून ८ ला गेलं तर फरक दिसतो, ८ वरून १६ ला अगदी नावाला.

रानजाई

मग तुमचं उत्तर तुम्हीच काढलंत की. तुमचेच आकडे घेऊन करून दाखवते.

लिंकिंग एका कोअरवर, तिथे तुमचा ५.७ चा बूस्ट आणि एपिक ९६५४ चा ३.७. २ मिनिटांची तिकडे ३ मिनिटं आणि वर थोडी. पॅरलल भाग ८ मिनिटं, चिपकोंचं ४.२ धरलं तर १.९ मिनिटं. एकूण ५ मिनिटं. म्हणजे सहापट कोअर लावून १० ची ५. पूर्ण बिल्ड दुप्पट लवकर, ठीक आहे, वाईट नाही. पण आता खरा प्रश्न, तुम्ही दिवसात पूर्ण बिल्ड किती वेळा करता आणि एखादी फाइल बदलून किती वेळा करता? दुसरंच जास्त ना? तिथे २ मिनिटांची ३ होणार आहेत! ग्रुपमधला प्रत्येक जण दिवसातून पंचवीस वेळा शिव्या घालेल त्या नव्या मशीनला आणि ज्याने सुचवलं त्याला.

यालाच अॅमडालचा नियम म्हणतात, जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला. कामातला जो भाग एकापाठोपाठ एकच करावा लागतो तो कितीही कोअर लावले तरी हलत नाही. याच दोन प्रोसेसरवर एक हिशोब मी करून बघितला होता तो सांगते. समजा एका कोअरवर मोजलं तर कामाचा ९० टक्के भाग पॅरलल होतो आणि १० टक्के होत नाही. १६ कोअरवर ६.४ पट वेग मिळतो, ९६ वर ९.१४ पट. आता क्लॉकने गुणा, ६.४ गुणिले ५ बरोबर ३२, आणि ९.१४ गुणिले ३.५, तेही ३२! दोन्ही मशीन अगदी बरोबरीत. आणि मी हे सगळीकडे ५ आणि ३.५ च धरून केलंय, एकाच थ्रेडच्या वेळी ५.७ विरुद्ध ३.७ धरलं तर डेस्कटॉपच पुढे जातो. ९५ टक्के पॅरलल असेल तर एपिक पुढे जातो, पण तरीही २८ टक्क्यांच्या आसपासच. त्या ९६ कोअरचं चीज व्हायला काम ९९ टक्क्यांच्या वर पॅरलल लागतं, आणि असं काम म्हणजे वेगवेगळ्या लोकांचं वेगवेगळं चाललेलं काम, वेब सर्व्हर, डेटाबेस, शंभर व्हर्च्युअल मशीन, रेंडरिंगच्या फ्रेम्स वगैरे.

नवीन मशीन घ्यायच्या आधी फुकटात होणारं एक काम करा. लिंकर बदला. तुम्ही बहुतेक जुना जीएनयूचा एलडी वापरताय, तो एकाच थ्रेडवर चालतो. एलएलडी किंवा मोल्ड लावून बघा, दोन्ही मल्टिथ्रेडेड आहेत, कंपाइलरच्या फ्लॅगमध्ये एक ओळ बदलायची असते फक्त. आणि सीकॅश (आधी कंपाइल झालेलं जपून परत वापरणारा) नसेल तर तोही लावा. तुमची २ मिनिटं सेकंदांवर आली तर मला आश्चर्य वाटणार नाही.

दूरदृष्टी

रानजाई ताई, हिशोब पटला पण तुम्ही एकाच माणसाचा बिल्ड धरलाय. ते चार जण आहेत. चौघांनी एकाच वेळी बिल्ड लावले तर एकाचं लिंकिंग चालू असताना बाकी तिघांचं कंपाइल चालू, म्हणजे कोअर रिकामे राहणारच नाहीत. वर व्हर्च्युअल मशीन. वर रात्री सिम्युलेशन. कोअर वाया जात नाहीत म्हणालो ते यासाठी.

रानजाई

हा मुद्दा एकदम रास्त आहे. चौघांचं मिळून एकच मशीन असेल तर दिवसभरात एकूण किती काम उरकलं त्यात ९६५४ जिंकेल, ४ पटीच्या जवळपास पण जाईल. पण प्रत्येकाला स्वतःपुरतं ते मशीन डेस्कटॉपपेक्षा सुस्तच वाटणार. एकूण काम जास्त निघावं का प्रत्येकाला चटकन मिळावं, हे त्यांनी ठरवायचंय. अजून एक, कंपाइलच्या एकेका जॉबला सी प्लस प्लसमध्ये २ जीबी तरी धरून चालावं लागतं, १९२ थ्रेड भरायचे तर ३८४ जीबी. निशाचर म्हणतात तशा बारा स्टिक लावायच्या तर ३२ च्या बारा, बरोबर ३८४ होतात.

शंखनाद

कोणी आवाजाबद्दल बोललंच नाही म्हणून मी बोलतो. रॅकमधला चपटा १यू सर्व्हर असेल तर त्याचे ४० मिलिमीटरचे पंखे चालू झाले की शेजारच्या खोलीत बसून पण फोनवर बोलता येत नाही. बसता त्या खोलीत ठेवायचा विचार सुद्धा करू नका. टॉवर केसमध्ये बसणारे, या एपिकच्या एसपी५ सॉकेटचे कूलर मिळतात, बोर्ड मोठ्या आकाराचा असतो तेवढी केस बघून घ्या, तसं केलं तर सुसह्य होतं. ३६० वॅट सतत म्हणजे खोलीत एक छोटा हीटर लावून ठेवल्यासारखंच आहे ते मात्र टळत नाही.

दुसरं म्हणजे चालू व्हायला लागणारा वेळ. डेस्कटॉप बटण दाबलं की लॉगिनला येतो. सर्व्हर बारा चॅनेलचं मेमरी ट्रेनिंग करत बसतो, पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटं स्क्रीन काळीच असते आणि लोकांना वाटतं बोर्ड मेला. मेलेला नसतो, थांबा जरा.

मग घ्यायचा कशाला? तर बीएमसी. सर्व्हर बोर्डवर एक वेगळा छोटा कंट्रोलर असतो, मुख्य मशीन बंद असलं तरी तो जागा. दुसरीकडे बसून मशीन चालू-बंद करा, बायोसमध्ये जा, ओएस नव्याने टाका, कोणत्या स्टिकमध्ये एरर येतायत ते बघा. रात्री सिम्युलेशन लटकलं आणि मशीन प्रतिसाद देईना तर डेस्कटॉपला उठून बटण दाबायला जावं लागतं. ज्याने एकदा बीएमसी वापरला त्याला परत बिनाबीएमसीचं मशीन नकोसं होतं, हे लिहून घ्या माझ्याकडून.

नवशिका_७

मधेच घुसतोय माफ करा. इंटेलमध्ये पण हेच सगळं लागू होतं का? म्हणजे कोअर आय९ आणि झिऑन पण आतून सारखेच असतात का?

चिपको

नाही, तिथे मामला बराच वेगळा आहे. आय९ १३९००के घ्या, २४ कोअर म्हणतात पण त्यात ८ मोठे पी कोअर आणि १६ छोटे ई कोअर. त्याच सुमाराचा झिऑन प्लॅटिनम ८४८०+ घेतला तर ५६ कोअर, सगळे मोठे, बूस्ट ३.८, मेमरी चॅनेल आठ, पीसीआय एक्सप्रेस ५ च्या ८० लेन. आणि इन्स्ट्रक्शन सेटच वेगळा, झिऑनमध्ये एव्हीएक्स-५१२ (एका दमात बरेच आकडे हाताळणाऱ्या सूचना) आहे, मॅट्रिक्ससाठी एएमएक्स आहे, डेस्कटॉपच्या आय९ मध्ये दोन्ही नाही. एव्हीएक्स-५१२ तर १२व्या पिढीत सिलिकॉनमध्ये होता पण ई कोअरना तो येत नाही म्हणून बंद करून टाकला. त्यामुळे इंटेलवर डेस्कटॉपवर टेस्ट करून सर्व्हरचा अंदाज बांधणं अवघड जातं. एएमडीच्या झेन ४ मध्ये दोन्हीकडे एव्हीएक्स-५१२ चालतो, म्हणून तुलना सोपी.

आणि नावावर जाऊ नका कोणी. एएमडीने मे २०२४ मध्ये एपिक ४००४ म्हणून सिरीज काढली, ती डेस्कटॉपच्या एएम५ सॉकेटमध्येच बसते आणि आतून रायझनच आहे. त्यातला ४५६४पी म्हणजे १६ कोअर, ५.७ बूस्ट, चॅनेल दोनच. बिरुद एपिकचं, पण निशाचर म्हणतात तो मेमरीचा फायदा त्यात शून्य.

निशाचर

ईसीसीचं (मेमरीतल्या चुका पकडून दुरुस्त करण्याची सोय) राहिलंच. रात्रभर चालणाऱ्या सिम्युलेशनमध्ये एखादा बिट उलटला तर क्रॅश झालेलं परवडतं, उत्तर चुकीचं येऊन कोणाला कळलंच नाही तर काय? २००९ मध्ये गूगलच्या सर्व्हरांवर केलेला अभ्यास आहे, त्यात वर्षाला ८ टक्क्यांहून जास्त रॅम मॉड्यूलमध्ये एरर सापडल्या होत्या. डीडीआर५ वर ऑन-डाय ईसीसी आहे म्हणून सगळे खूश असतात पण ते चिपच्या आतलं आतच दुरुस्त करतं, चिप ते प्रोसेसर या रस्त्यावर काही बिघडलं तर त्याला पत्ता नसतो. एपिकमध्ये खरं ईसीसी, प्रश्नच नाही. रायझनमध्ये ईसीसीची साधी अनबफर्ड स्टिक बऱ्याच बोर्डांवर चालते पण ते बोर्ड बनवणाऱ्याच्या मर्जीवर, त्यामुळे मॅन्युअल वाचून घ्या.

आणि सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम डेस्कटॉपमध्ये बसत नाही, उलटही नाही. डीडीआर५ मध्ये खाच पण वेगळ्या जागी आहे आणि एकीला ५ व्होल्ट लागतात दुसरीला १२.

रानजाई

वापरलेला एपिक घ्यायचा विचार असेल तर एक धोक्याची सूचना. काही सर्व्हर कंपन्यांच्या मशीनमधले एपिक त्या कंपनीच्या फर्मवेअरला कायमचे बांधलेले असतात, प्लॅटफॉर्म सिक्युअर बूट नावाची सोय आहे, त्यात प्रोसेसरमधले फ्यूज एकदा जळले की तो दुसऱ्या कंपनीच्या बोर्डवर चालूच होत नाही. विकणाऱ्याकडून 'अनलॉक्ड' असं लेखी घ्या, नाहीतर शोपीस म्हणून ठेवावा लागेल.

आणि मधला रस्ता पण आहे, थ्रेडरिपर. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या ७००० सिरीजमध्ये ७९८०एक्स ६४ कोअर, बूस्ट ५.१, चॅनेल चार. प्रोवाला ७९९५डब्ल्यूएक्स ९६ कोअर, चॅनेल आठ, बूस्ट तोच ५.१. म्हणजे एपिकएवढेच कोअर आणि लिंकिंगला डेस्कटॉपच्या जवळ जाणारा क्लॉक. तुमचं काम मिश्र आहे त्यामुळे बघायला हरकत नाही.

खटपट्या

मोल्ड लावला. २ मिनिटांचं लिंकिंग ९ सेकंदात! चौघांनाही दाखवलं, आता ९६ कोअर सुचवणारा पण जरा गप्प आहे. तूर्तास बिल्डसाठी आपापले डेस्कटॉपच ठेवायचे आणि सिम्युलेशनसाठी वेगळं मशीन, ९३७४एफ बारा स्टिकसकट, टॉवर केसमध्ये, असं चाललंय. थ्रेडरिपर बघितला पण आमची मेमरीची भूक बघता बारा चॅनेलच बरे वाटतात. दूरदृष्टींचा मुद्दा डोक्यात आहे, व्हर्च्युअल मशीन पण दिवसा त्यावरच टाकू.

एक शेवटचं. माझ्या ७९५०एक्समध्ये ३२ च्या दोन स्टिक आहेत, दोन स्लॉट रिकामे, त्यात अजून दोन टाकून १२८ करू का?

मितभाषी

नको. चार स्लॉट भरले की एएमडीच्या स्पेकप्रमाणे डीडीआर५ ३६०० वर येतो, ८३ ची ५७ जीबी होते. या दोन काढून ४८ च्या दोन लावा, ९६ जीबी होतील आणि स्पीड तसाच राहील. आधी बायोस अपडेट करा, जुन्या बायोसवर ४८ ची स्टिक ओळखत नाही.